अँटवर्पहून आणलेली पोच

मी बडबडी बाई आहे. माझं सिझेरियन, जावेशी झालेलं भांडण, शारजात ड्रायव्हिंग टेस्टला सहा वेळा नापास झाले ते — सगळं मी दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगून टाकते. हिच्या पोटात काही राहत नाही, असं माझी आई म्हणायची. तिला बिचारीला काय माहीत. एक गोष्ट राहिली. वीस वर्षांच्या वर झाली, ती कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला आधी सांगायला हवी होती त्याला तर नाहीच.

तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून. एवढंच कारण आहे, उगाच मोठं काही समजू नका.

त्याला म्हणजे सुहासला, माझ्या नवऱ्याला. शारजातल्या एका भारतीय शाळेत तो अकरा वर्षं गणित शिकवत होता. शारजात चौकाचौकात राउंडअबाउट, तर वर्तुळाचा धडा तो मुलांना त्यावरूनच शिकवायचा — कुठल्या एक्झिटला बाहेर पडलात, किती अंश फिरलात. मुलं घरी जाताना गाडीत आईबापांना कोन सांगत बसायची. बँकेत जा, दवाखान्यात जा, सुपरमार्केटच्या रांगेत उभे राहा, कुणीतरी बाप पुढे यायचाच — ‘सर, आप इधर आइए.’ माझ्या तिकडच्या निम्म्या ओळखी ‘सरांची मिसेस’ एवढ्याच होत्या. मला त्याचा राग होता का? तेव्हा विचारलं असतं तर हसले असते. आता विचाराल तर — थोडा होता.

मी स्वतः हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीत डॉक्युमेंटेशन बघायचे. जहाजानं माल जायचा-यायचा, त्याचे कागद करायचे. त्या कामात एकच नियम. कुणाला कागद दिलात की आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. ती पोच. पोच नसेल तर तुम्ही तो कागद दिलाच नाही, मग कितीही शपथा घ्या. हे माझ्या हाडात मुरलं होतं. आणि नुसतं माझ्याच नाही, आखातात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांच्याच. व्हिसा, भाड्याचा करार, मुलीचा शाळेचा दाखला — ज्याच्यावर शिक्का तो कागद खरा. काय लिहिलंय ते अरबीत, आपल्याला कुठे वाचता येतंय? शिक्का आहे ना, मग झालं.

सुहासच्या एम.एस्सी.च्या आणि बी.एड.च्या सर्टिफिकेटांवर मागच्या बाजूनं असे चार-चार शिक्के होते. मुंबईत मंत्रालयात त्याचा धाकटा भाऊ दोन दिवस खेटे घालत होता, मग दिल्ली, मग वकिलात, मग इकडे. पुढची बाजू तो क्वचितच बघायचा. मागची मात्र पाहुण्यांना दाखवायचा.

दोन हजार साली मला कंपनीनं विचारलं, अँटवर्पच्या हेड ऑफिसला येशील का. बेल्जियम. माझं नाव घेऊन विचारलं, कुणाची मिसेस म्हणून नाही. कंपनी म्हणाली, आठवडाभर दोघं जाऊन शहर बघून या, मग ठरवा. पण सुहासचा पासपोर्ट शाळेच्या कपाटात. तेव्हा तिकडे सगळ्यांचेच मालकाकडे असायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मागायचा तर कारण लिहून द्यायचं. जूनमध्ये, पहिल्या सत्राच्या परीक्षांच्या तोंडावर, युरोपला कशाला? प्रिन्सिपलना वास लागला आणि आमचं जाणं रद्द झालं, तर पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट खलास. म्हणून मी एकटी गेले. मुलगी, ऋता, तेव्हा नऊ वर्षांची. सुहास शाळेतून येईपर्यंत ती शेजारच्या हमीदाआपांकडे राहणार होती. हमीदाआपा रत्नागिरीच्या. त्यांनी मला डब्यात नाचण्याचे लाडू दिले आणि गोऱ्यांच्या देशात जाऊन बारीक होऊ नकोस म्हणून बजावलं.

निघायच्या आदल्या दिवशी सुहासनं सर्टिफिकेटं माझ्या बॅगेत ठेवली, मूळ प्रती आणि झेरॉक्स. तिथे परदेशी पदव्या तपासणारं सरकारी ऑफिस होतं, त्याची वेळ मी फोन करून घेतली होती. तो म्हणाला, “मला तिथे शिकवता येणार असेल तर जाऊ, नीलू. नाहीतर इथेच बरे आहोत. तू विचारून ये, तू म्हणशील ते फायनल.”

ही त्याची एकच अट होती. दुसरी काही नव्हती.

आता शहराबद्दल सांगते. टाळाटाळ करते आहे असं वाटलं तर वाटू दे, पण ते शहर कसं दिसलं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ब्रसेल्सला विमानातून उतरून रेल्वेनं अँटवर्पला पोचले. फलाटावरून जिना उतरत होते आणि मध्येच थांबले. डोक्यावर घुमट. एवढा उंच, की मान मागे टाकून बघताना खांद्यावरची पर्स घसरून पायरीवर पडली. संगमरवर, सोनेरी घड्याळ, काचेतून खाली उतरलेला उजेड. मला वाटलं मी चुकून राजवाड्यात शिरले, आता कुणीतरी हटकणार. आणि लोक बघावेत तर सँडविच चावत, पोरांना ओढत, घड्याळाकडे ढुंकूनही न बघता चाललेले. रेल्वे स्टेशन होतं हो ते! रोज त्यातून कामाला जायचं!

बाहेर पडले तर झाडं. आमच्याकडे शारजाला झाड म्हटलं की बुंध्याशी काळी नळी असते, थेंबथेंब पाणी देणारी. नळी बंद तर झाड मेलं. मी त्या रस्त्यावर चक्क वाकून नळी शोधली. एका झाडाच्या, मग दुसऱ्याच्या. नव्हती. झाडं आपली आपण उभी होती, कुणी पाणी घालत नव्हतं, कुणी त्यांची काळजी करत नव्हतं. मला भर रस्त्यात रडू आलं. हसाल तुम्ही, पण आलं. अकरा वर्षांत मी असं झाड पाहिलं नव्हतं, सुट्टीला घरी गेल्यावर पाहिलं असेल तेव्हा लक्ष नव्हतं.

आणि जूनमध्ये दुपारी दोन वाजता मी बाकावर बसले. उघड्यावर! शारजात त्या वेळी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर पोळतो. इथे अंगावर शाल होती. कॉफी मागवली. किंमत आधी दिरहॅममध्ये, मग रुपयांत करून बघायची आमची सगळ्यांचीच सवय — ती करायचं मी विसरले. संध्याकाळ होईचना. साडेनऊला लख्ख उजेड, कॅथेड्रलच्या मनोऱ्यातून घंटांवर वाजवलेलं गाणं, खालच्या चौकात कुत्रीसुद्धा माणसांबरोबर हॉटेलात टेबलाखाली शहाण्यासारखी बसलेली.

नदीखाली बोगदा आहे त्यांच्याकडे, चालत जायचा. त्यात उतरायला सरकते जिने, तेही लाकडी, जुने, कुरकुरणारे. मी उतरले. पांढऱ्या टाइल्सची लांबलचक नळी आणि डोक्यावर अख्खी नदी, तिच्यावर जहाजं. ज्यांचे कागद मी हमरियाला बसून करत होते ती जहाजं, या वाटेनं जाणारी! मी बोगद्याच्या मध्यावर उभी राहिले आणि वर बघितलं, जणू काही दिसणारच होतं. सायकलवाल्या एका बाईनं घंटी वाजवली तेव्हा बाजूला झाले. पलीकडे गेले, परत आले, पुन्हा पलीकडे गेले.

पण या सगळ्याहून मला चक्रावून टाकलं ते म्हाताऱ्या माणसांनी. तुम्ही आखातात राहिला नसाल तर हे कळायचं नाही. तिथे आपल्यात म्हातारी माणसं नसतातच. नोकरी आहे तोवर व्हिसा, साठीला खलास, बाडबिस्तरा उचला. मी तिथे आपल्याकडचं कुणाला म्हातारं होताना पाहिलंच नव्हतं. आणि इथे ट्रॅमच्या स्टॉपवर ऐंशीच्या घरातली एक जोडी, दोघांचे सारखे रेनकोट, त्याच्या पिशवीतून पालेभाजीच्या काड्या बाहेर आलेल्या. ती त्याची कॉलर नीट करत होती. त्यांना कुणीही जा म्हणणार नव्हतं. माझ्या मनात आलं, मला इथे म्हातारं व्हायचंय. नुसतं आलं नाही, तोंडातून मोठ्यानं निघालं. मराठीत. म्हाताऱ्यानं टोपी काढून मला नमस्कार केला.

असे तीन दिवस गेले. मी, बडबडी, तीन दिवस कुणाशी धड बोलले नाही. पदव्यांच्या ऑफिसची वेळ चौथ्या दिवशी होती. तिथे काय सांगतील याची मला भीती वाटत होती का? हो. वाटत होती. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं निरागस वाटणार नाही.

ऑफिसातली बाई पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. इंग्रजी छान बोलत होती. तिनं सर्टिफिकेट उलटं करून शिक्के बघितले, छान आहेत म्हणाली, आणि परत सुलटं केलं. मग वीस मिनिटं मला नीट समजावलं. आधी इथली भाषा, डच, वर्गात पोरांना गप्प करता येईल इतकी. मग इथलं शिक्षकाचं शिक्षण नव्यानं. मग पदवीचा विचार, तोही होईलच असं नाही. चार-पाच वर्षं धरा. सुहासचं वय विचारलं. बेचाळीस, मी म्हणाले. तिनं चष्मा काढला. ती फार चांगली बाई होती, म्हणूनच तिनं स्पष्ट सांगितलं, “ते इथे शिकवण्यासाठी येणार असतील, तर त्यांना सांगा, येऊ नका.”

मी थँक यू म्हटलं. उठले. दारापर्यंत गेले आणि रिसेप्शनच्या खिडकीशी थांबले. तिथल्या मुलीला सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली आणि म्हटलं, मी आज इथे येऊन गेले एवढा शिक्का यावर मारून द्याल का? तिला गंमत वाटली. असं कुणी मागत नाही म्हणाली. पण तारखेचा शिक्का तिच्या हाताशीच होता, टपालावर मारायचा. तिनं मारला. जांभळा, गोल, ऑफिसचं नाव आणि तारीख.

का मागितला मी तो शिक्का? सवय म्हणून? अनेक वर्षं मी स्वतःला तेच सांगितलं, कामाची सवय. खोटं आहे. खिडकीशी उभी असताना मला पक्कं माहीत होतं तो कुणाला दाखवायचा आहे ते.

परत आले. विमानतळावर सुहास आणि ऋता. गाडीत त्यानं काही विचारलं नाही, ऋताच तिचं स्विमिंगचं सांगत राहिली, इंग्रजीत, नेहमीसारखी. घरी आलो. त्यानं पोहे करून ठेवले होते. मी एक घास खाल्ला आणि तो म्हणाला, काय म्हणाले? मी पर्समधून तो कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

“अर्ज घेतला त्यांनी. भाषा आली की सहा महिन्यांत होईल म्हणाले.”

त्यानं आधी हात पुसले. मग कागद उचलला. शिक्क्यावरचं त्याला वाचता येत नव्हतं, त्यांच्या भाषेत होतं. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “शिक्का आहे म्हणजे काम झालं.” इतका विश्वास होता. माझ्यावर म्हणा, शिक्क्यावर म्हणा.

त्यानं राजीनामा लिहिला तेव्हा पुन्हा एकदा विचारलं. नीलू, नक्की ना? इथला व्हिसा कॅन्सल झाला की ही शाळा पुन्हा मिळायची नाही. मी भाजी निवडत होते. तोंड वर न करता म्हटलं, नक्की. त्यानं सकाळी राजीनामा नेऊन दिला, आणि त्याची पोच घेऊन आला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, नवरा-बायकोत असं थोडंफार चालतं. थांबा. हे अजून मुख्य नाही.

निघायच्या महिन्यात सुहासनं डच भाषेच्या कॅसेटी मागवल्या. रोज संध्याकाळी हेडफोन लावून पुटपुटत बसायचा. आकडे, वार, महिने आधी आले. मग दुकानाच्या पाट्या. माझ्या लक्षात आलं, हा थोड्याच दिवसांत त्या शिक्क्यावरचं वाचणार. तिथे अर्ज घेतल्याचं काहीच नव्हतं. नुसतं ऑफिसचं नाव आणि तारीख.

सर्टिफिकेटांची फाइल त्यानं प्लास्टिकच्या कव्हरात घालून, क्रमवार लावून ठेवली होती. तो कागद सगळ्यात वर. एके दुपारी तो शाळेत असताना मी तो काढला, स्वयंपाकघरात नेऊन बारीक बारीक फाडला, कलिंगडाच्या सालींबरोबर पिशवीत घातला, आणि आमच्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या झडपेतून खाली सोडला. खाली आदळल्याचा आवाज आला, मग मी झडप लावली. फाइल पुन्हा होती तशी ठेवली.

अँटवर्पला त्यानं दीड वर्ष भाषेचे वर्ग केले. परीक्षा पास झाला, पहिल्या फटक्यात. नवा शर्ट घालून त्या ऑफिसात गेला. त्यांनी त्याला तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. तो म्हणाला, माझा अर्ज तुमच्याकडे आधीच आहे, माझ्याकडे शिक्का मारलेली पोच आहे. ते म्हणाले, आमच्याकडे तर नोंद नाही, पण पोच असेल तर घेऊन या, बघू.

तो घरी आला आणि फाइल उघडली.

तीन दिवस शोधत होता. सगळे खोके, सगळ्या पुस्तकांची पानं, सुटकेसचं अस्तर. हमीदाआपांना शारजाला फोन केला. त्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये गेल्या, नव्या भाडेकरूला विनवून कपाटांच्या मागेसुद्धा बघून आल्या. मिलेल, इन्शाल्ला, म्हणाल्या. आणि मी? मीही शोधत होते. त्याच्या बरोबरीनं. गुडघ्यांवर बसून, पलंगाखाली हात घालून. आहे का, म्हणून त्यानं विचारलं की नाही रे म्हणत होते. खोटं बोलणं एक, फाडणं एक. पण ते शोधणं — ते मी कसं केलं, मला खरंच कळत नाही. कुणी मला तसं करायला लावलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो जमिनीवर बसला, आजूबाजूला सगळे कागद, आणि म्हणाला, मीच पॅकिंगमध्ये कुठेतरी टाकला असेल. मला वाटलं होतं तो ओरडेल, ऑफिसशी भांडेल, वकील करेल. त्यानं काही केलं नाही. एक कागद सांभाळता आला नाही म्हणून तो स्वतःवरच रागावला आणि तसाच राहिला. मग बंदरावर एका गोदामात सुट्या भागांच्या काउंटरला लागला. सतरा वर्षं काम केलं तिथे. तिथे सगळे त्याला पहिल्या नावानं हाक मारायचे, तो त्याचंही कौतुक सांगायचा.

मला ते शहर अजूनही आवडतं. हे सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. ट्रॅममधून जाताना मी अजूनही वर बघत जाते.

गेल्या वर्षी ऋताला कॅनडात नोकरी लागली. ती कागदपत्रं लावत होती. सुहास तिच्या शेजारी बसून प्लास्टिकची कव्हरं देत होता आणि पुन्हा पुन्हा बजावत होता, ओरिजिनल कुणाच्या हातात द्यायचं नाही, रोज रात्री कागद मोजायचे. ती वैतागली. म्हणाली, “बाबा, रिलॅक्स. इट्स जस्ट पेपर.”

मी घड्या केलेले कपडे घेऊन दारात आले होते.

तो म्हणाला, “एकच कागद होता माझा. तुझ्या आईनं परक्या गावात एकटीनं जाऊन मिळवलेला. मी हरवला.” मग माझ्याकडे बघून हसला आणि तिला म्हणाला, “आणि इतक्या वर्षांत तिनं मला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.”

मी कपडे कपाटात ठेवले. तेव्हाही नाही बोलले.